फोटो क्रमांक २१७ मधला हात

१

बुधवारी सकाळी साडेदहाला आमच्या संग्रहातला एक शिपाई ड्युटी सोडून निघून गेला. एकोणीसशे चव्वेचाळीस साली मेलेला माणूस एक्क्याऐंशी वर्षांनी असं करेल असं कोणाला वाटलं नव्हतं, त्यामुळे जावक रजिस्टरमध्ये त्याची नोंद नाही.

आमचा संग्रह म्हणजे घाटकोपरला विद्यापीठाच्या इमारतीत दुसरा मजला, तीन खोल्या. दुसऱ्या महायुद्धावर गेलेल्या माणसांचे फोटो विद्यार्थी घरोघरी फिरून गोळा करतात, त्यावर संशोधन लिहितात, आणि मी ते स्कॅन करून संगणकात ठेवतो. माझं नाव सुयोग. कंत्राटी आहे. म्हणजे नोकरी, नाव नव्हे.

फोटो क्रमांक २१७ मीराने आणला होता. मीरा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मेलेल्यांशी आमच्यापेक्षा नीट बोलते. फोटो भांडुपच्या वनमालाआजींचा. स्टुडिओत काढलेला, वहीच्या पानापेक्षा मोठा. खुर्चीवर आजींची आई. शेजारी स्टुलावर उभ्या चार वर्षांच्या आजी. त्यांच्या मागे खाकी कपड्यातले त्यांचे बाबा, डावा हात मुलीच्या खांद्यावर. बाबांचा जगात हा एकच फोटो.

फोटो आला तो काचेच्या फ्रेममध्ये. आल्या आल्या मी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला. काचेत आमची ट्यूबलाइट पडली, ती बरोबर बाबांच्या चेहऱ्यावर. नंतर नीट स्कॅन करणारच होतो, म्हणून तसंच राहू दिलं. फ्रेममधून काढल्यावर फोटो पापडासारखा वळला. मग तो सरळ करायला दाबात ठेवला, आणि बुधवारी मीराने तो दाबातून काढून स्कॅनरवर ठेवला.

"सुयोग," ती म्हणाली, "इकडे ये. आणि हसू नकोस."

मी गेलो. हसलो नाही.

पडद्यावर आई होती. स्टुलावर मुलगी होती. बाबांच्या जागी, डोक्यापासून खालपर्यंत काळं कापड ओढलेला कोणीतरी उभा होता.

शिपाई गेला होता. हात मात्र मुलीच्या खांद्यावर तसाच होता.

२

अशा वेळी आमच्याकडे भीमराजमामांना बोलावतात. मामा सदुसष्ट वर्षांचे. कुर्ल्याच्या एका फोटो स्टुडिओत चाळीस वर्षं फोटोंवर हात फिरवायचं काम केलं. जुन्या काळी लोकांचा एकमेव फोटो बरेचदा ते गेल्यावर निघायचा, आणि त्यात डोळे मिटलेले असायचे. मामा ब्रशने ते उघडायचे. कुर्ला ते मानखुर्द, निम्म्या भिंतींवरची मयत माणसं त्यांच्यामुळे जागी आहेत. आता ते आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे येतात आणि कॉम्प्युटरला "तुमचा तो टीव्ही" म्हणतात.

त्यांनी मूळ फोटो खिडकीशी नेला, तिरका धरला, वास घेतला.

"कोणी खरवडलेला नाही," ते म्हणाले. "कोणाकोणाला माहीत होता हा फोटो?"

मी यादी केली. मीरा. आजींचा मुलगा अनंत. शेजारच्या टेबलावरचा प्रितम, कारण त्याला सगळंच माहीत असतं. यादीत मी नव्हतो, कारण यादी मी करत होतो.

तेवढ्यात फोन वाजला. वनमालाआजी.

"अरे सुयोग, फोटो कधी देतस? रविवारी सर्वपित्री."

"देतो ना आजी. थोडं काम उरलंय."

"बाबांची तिथी माका ठाऊक नाय. म्हणून अमावास्येक त्यांचा पान वाढतंय. फोटो नसलो तर कशासमोर ठेवू? खिळ्यासमोर?"

मी म्हटलं, रविवारच्या आत नक्की. फोन ठेवला. खिळ्याचं चित्र डोळ्यांसमोरून जाईना.

मामांनी आजींचा फॉर्म मागितला. फोटो घेताना आम्ही घरच्यांना प्रश्न विचारून फॉर्म भरतो. मीराने आजींची उत्तरं काही न गाळता, फक्त प्रमाण भाषेत लिहिली होती. मामांनी मोठ्याने वाचलं.

"व्यक्ती: तीन. प्रसंग: बाबा लढाईतून रजेवर आले तेव्हा. इतर माहिती: मला बाबांचा हात आठवतो. जड, गरम. मी हलू नये म्हणून दाबून धरला होता. एक बोट अर्धं होतं, लढाईत गेलेलं. आमच्या घरात पुरुषांची बोटं टिकत नाहीत, लवूकाकांचंही गिरणीत गेलं. काकांनीच मला वाढवलं, माझं नावही त्यांनीच ठेवलं. काकांचा फोटो नाही. काढून घ्यायला लाजायचे. त्यांचं पान मी नुसत्या भिंतीसमोर ठेवते."

मामा थांबले. मग मीराकडे वळले.

"पोरी, तुझं तोंड का उतरलंय?"

"मी काही केलं नाही मामा."

"ते विचारलं नाही मी."

मीराने लॅपटॉप उघडला. "हा माणूस त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात बोटीने गेला आणि चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात इटलीत मारला गेला. मध्ये रजा नाही. आजींचा जन्म चव्वेचाळीसचा, फेब्रुवारीचा. आणि फोटोत त्या चार वर्षांच्या आहेत."

तिने लॅपटॉप मिटला.

"म्हणजे फोटो काढला," ती म्हणाली, "तेव्हा त्यांच्या मागे उभा असलेला माणूस मरून चार वर्षं झाली होती."

३

"हे आजींना सांगितलंस?" मामांनी विचारलं.

"नाही. त्यांच्या मुलाला सांगितलं. ते म्हणाले, आईला कळता कामा नये."

मुलगा अनंत, वय छप्पन्न, पालिकेच्या पाणी खात्यात. संध्याकाळी चारला बोलावलं तर चारलाच आला, त्यामुळे मला त्याचा पहिला संशय आला.

"तुम्ही मागच्या आठवड्यात इथे एकटेच आला होतात," मामा म्हणाले.

"आलो होतो. फोटो परत न्यायला. या पोराने चहा पाजून परत पाठवलं. म्हणाला दाबात आहे."

"का न्यायचा होता?"

अनंत खुर्चीत पुढे सरकला. "मामा, माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची. बापाची तिच्याकडे एकच गोष्ट आहे, तो खांद्यावरचा हात. दर अमावास्येला तेच सांगते. आता ही मुलगी पुस्तकात लिहिणार की तो आलाच नव्हता. मग आईने काय करायचं? हात परत द्यायचा?"

"मी लिहिणार नव्हते," मीरा म्हणाली.

"लिहिलंयस गं. मला मेल केलायस तू. तिसरं प्रकरण."

मीराने लिहिलं होतं. तिसरं प्रकरण चांगलं उतरलं होतं, हाच त्रास होता.

मामांनी स्कॅन अनंतकडे फिरवला. त्याने काळ्या कापडाखालचा आकार पाहिला, आणि खांद्यावरचा हात पाहिला. मग म्हणाला, "हे मी केलेलं नाही. मला फोटो लपवायचा होता. हे असलं मला सुचणारही नाही."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पाणी खात्यात इतकी कल्पनाशक्ती चालत नाही.

तेवढ्यात प्रितम आत आला. मानखुर्दचा. त्याचे पणजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, आणि त्यांच्या तुकडीच्या गटफोटोवर त्याचा प्रबंध आहे.

"मामा, तुमचं हे झालं की माझंही भूत बघा जरा."

"तुझं कोणतं?"

"माझ्या फोटोच्या मागे अकरा नावं आहेत. पुढे माणसं बारा. आणि बारावा बाकीच्यांच्या दुप्पट. सगळ्यांत मागे, झाडाशी. गाइडना वाटलं कॅमेऱ्याजवळ असेल. मी म्हटलं सर, मागचा माणूस जवळ कसा? ते म्हणाले, तळटीप दे. मग मी 'उंच शिपाई' म्हणून दोन पानं लिहिली."

"दोन पानं?" मी म्हटलं.

"संदर्भांसह. फक्त एक अडचण आहे. त्याला पाय नाहीत."

कोणी हसलं नाही. आमच्याकडे भुतांचे पाय उलटे असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण मुळात पायच नसले तर काय करायचं हे घरच्यांनी कोणाला शिकवलेलं नाही.

मामा उठले. "हा बारावा आधीपासून होता?"

"माहीत नाही. गणपतीच्या आधी मी नीट बघितलंच नव्हतं. फोटो वळलेला होता, सुयोगने सरळ करून दिला मागच्या आठवड्यात."

मामा सावकाश माझ्याकडे वळले. त्या नजरेने त्यांनी चाळीस वर्षं मिटलेले डोळे उघडले असणार.

"सुयोग," ते म्हणाले, "गणपतीला तू कुठे होतास?"

४

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी मुद्दाम लपवली नव्हती. मला ती गोष्ट वाटलीच नव्हती.

जुना फोटो वळला तर तो सरळ करण्याआधी ओल द्यावी लागते. त्यासाठी आमच्याकडे एक झाकणाचा डबा आहे. तळाला पाणी, वर जाळीचे दोन कप्पे. पाण्याला फोटो शिवत नाही, नुसत्या दमटपणाने मऊ होतो. चार तास पुरतात. मग बाहेर काढून न चिकटणाऱ्या कागदात घालून दाबात ठेवायचा.

मी २१७ वरच्या कप्प्यात ठेवला. खालच्या कप्प्यात प्रितमचा. वार मंगळवार, दुसऱ्या दिवशी गणपती. अडीचला फोन आला की गावची गाडी सायनऐवजी घाटकोपरहूनच सुटतेय, पंधरा मिनिटांत खाली ये. मी गेलो.

"कधी परत आलास?"

"पाच दिवसांचा गणपती बोळवून. सोमवारी."

"म्हणजे चार तासांचं काम सहा दिवस."

"बुरशी आली नाही, मामा."

"शाबास. आणि बाहेर काढताना बघितलं नाहीस?"

"रात्रभर प्रवास करून आलो होतो. कागद घातले, दाबात सरकवले. डोळे उघडे होते का ते नक्की सांगता येणार नाही."

मामांनी प्रितमचा फोटो आणवला. भिंग लावलं. आम्ही चौघं त्यांच्या मागे उभे राहिलो, स्टुडिओतल्यासारखे.

"बघा. अकराही जणांच्या नाकाच्या सावल्या डावीकडे. याची उजवीकडे. याच्यावर ऊन दुसऱ्याच देशातलं आहे." त्यांनी नखाने बाराव्याच्या कडेवर हलकं टेकवलं. कड उचलली गेली. "हा कापलेला आहे. कात्रीने."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या उस्तादांच्या वेळची रीत. घरातलं माणूस लढाईत किंवा परगावी गेलं आणि परत आलं नाही, की बायका लेकरांना घेऊन स्टुडिओत यायच्या: यांना आमच्यात उभं करा. मग गेलेल्याचा असेल तो फोटो कापायचा आणि घरच्यांच्या फोटोवर गव्हाच्या खळीने चिकटवायचा. जागा अचूक यावी म्हणून फोटो काढताना तिथे कोणाला तरी काळं कापड पांघरून उभं करायचं. एरवी चिकटवलेल्याचा पुन्हा फोटो काढून तो गिऱ्हाइकाला देत. इथे चिकटवलेलाच काचेमागे गेला.

"सहा दिवस ओल बसली. खळ सुटली. फोटो वळलेला, म्हणजे घसरगुंडीच. तुझा शिपाई वरून घसरला आणि खालच्या कप्प्यात प्रितमच्या पलटणीत येऊन पडला. पाठीला ओली खळ, वर तुझा दाब. चिकटला."

"आणि कोणाच्या लक्षात आलं नाही," मीरा म्हणाली.

"कसं येणार? तू तुझे मेलेले बघतेस, हा त्याचे बघतो. आणि याचा चेहरा अनंतशिवाय या खोलीत कोणीच धड पाहिलेला नाही. काचेत ट्यूबलाइट होती."

प्रितम एवढंच म्हणाला, "माझ्या दोन पानांचं काय करायचं?"

मामांनी वाफेवर पातळ सुरी धरली आणि शिपायाला पलटणीतून सोडवायला लागले. वीस मिनिटं गेली. हाताएवढा माणूस मांड्यांपर्यंत सुटून आला. डावा हात मनगटाशी कापलेला. मामांनी त्याला उलटा केला, खळ पुसायला ओला कापूस टेकवला, आणि थांबले.

"मीरा," ते म्हणाले, "हे तू वाच. माझा चष्मा बरा नाही."

चष्मा व्यवस्थित होता.

५

शुक्रवारी दुपारी अनंत आजींना घेऊन आला. त्याला वाटत होतं की शिपाई परत चिकटवून द्यावा आणि विषय संपवावा. मामा म्हणाले, पाच मिनिटांचं काम, पण तिला न विचारता मी तिचा बाप हलवणार नाही.

आजी छोट्या, पांढऱ्या केसांत अबोलीची वेणी. टेबलावर आधी फक्त मोठा फोटो ठेवला होता. काळ्या कापडाचा.

त्यांनी पाहिला. मी त्यांच्या खुर्चीमागे पाण्याचा ग्लास घेऊन उभा होतो, कारण मला दुसरं काही येत नाही.

"बाबा खय गेले?" त्यांनी विचारलं.

मामांनी सगळं सांगितलं. तारखा, इटली, कात्री, खळ. एकही गोष्ट गोड केली नाही. अनंत भिंतीकडे बघत होता. मीराने तिसरं प्रकरण बॅगेत कुठेतरी खोल दाबलं होतं.

आजी फोटो बघत राहिल्या. मग बोट पुढे करून त्यांनी खांद्यावरच्या हाताला लावलं. पहिलं बोट अर्धं होतं.

"ह्यो लवूकाकाचो हात," त्या म्हणाल्या.

मामांनी भिंग त्यांच्याकडे सरकवलं.

"बाबा वर होते म्हणून कधी लक्षातच आलं नाय बघ. माका वाटायचा, दोगांचीव बोटां अर्धी. भावाभावांचा असतला तसा." त्या हसल्या, मग हसू अर्धवट राहिलं. "म्हणून मेलो फोटोक लाजायचो. एकदाच काढल्यान, तो कापडाखाली."

"आजी," मामा म्हणाले, "अजून एक आहे."

मीराने कापलेला शिपाई त्यांच्या हातात दिला. आजींनी पहिल्यांदा चेहरा बघितला, खूप जवळून, काच नसताना. मग मीरा म्हणाली, उलटा करा.

तो फोटो पोस्टकार्डावर छापलेला होता. आघाडीवर कोणी फोटोवाला भेटला की शिपाई असा फोटो काढून, मागे मजकूर लिहून घरी पाठवायचे. आजींच्या आईला वाचता येत नव्हतं. नवऱ्याला लेकीमागे उभं करायचं तर हाच एक फोटो होता, म्हणून पत्र कापलं गेलं. खळीने झाकलं गेलं. बापाने पाठवलेल्या पत्राचा आता माणसाच्या आकाराचा तुकडा उरला होता. आजींना चष्म्यातूनही दिसेना, तेव्हा मीराने वाचलं. आकारात मावलेलं तेवढंच.

"पत्र पोचले. मुलगी…
आनंद झाला. सुट्टी…
नाव वनमाला ठेव…
रडली तर लवूस सांग…
खांद्यावर हात…"

"पुढे?"

"पुढे कात्री लागलीय, आजी."

त्यांनी तुकडा हातात धरला. समोर इमारतीबाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी वाद घालत होतं, तो ऐकू येत होता. आजी म्हणाल्या, "म्हणजे त्यांका ठावक होतंय मी."

"होतात," मीरा म्हणाली.

"नाव त्यांनी ठेवल्यान. आणि काका सगळ्यांक सांगायचो, मी ठेवलंय." त्यांनी तुकडा परत उलटा केला. "खरा सांगितला असता तर पत्र दाखवूक लागला असता. पत्र कापलेला. मग बाबा इले नाय, ता पण सांगूक लागला असता."

अनंत पहिल्यांदा वळला. "आई, मामा परत चिकटवून देतात. आधी होतं तसं. कोणाला कळणार नाही."

आजींनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने पाणी खात्यातलं काहीतरी विचारलं होतं.

"आणि काकाक परत झाकू?" त्या म्हणाल्या. "सत्त्याहत्तर वर्षां तो उभो हा थय."

मीराने फॉर्म काढला. व्यक्ती: तीन. ते तसंच ठेवावं लागलं, माणसं तीनच होती. फक्त तिसऱ्याचं नाव खोडून नवीन लिहिलं. ओळखीची खूण या रकान्यात आजींनी हात असं लिहायला सांगितलं. 'प्रसंग'समोर मीरा अडली, तर त्या म्हणाल्या, लिही, भावाने सांगितलेलं काम करताना. मीराने तिसरं प्रकरण नव्याने लिहायला घेतलं. प्रितमने दोन पानं खोडली नाहीत; शीर्षक बदलून 'पाहुणा' केलं, आणि गाइडना ते आवडलं.

रविवारी अनंतने मला जेवायला बोलावलं. बहुतेक डब्याचा राग संपला होता, किंवा पान वाढायला माणूस हवा होता. भिंतीवर दोन खिळे. एकावर मोठा फोटो, काळ्या कापडाचा, त्यासमोर लवूकाकांचं पान. दुसऱ्यावर मामांनी दोन काचांमध्ये बसवून दिलेला शिपाई, दोऱ्याने टांगलेला, कारण चेहरा पुढे ठेवायचा की अक्षरं हे आजींचं ठरेना.

आम्ही जेवायला बसलो. अनंतने पंखा लावला. काच सावकाश फिरायला लागली. बाबा आमच्याकडे बघत होते, मग वळले, आणि पाठीवरचं पत्र दिसलं. मग परत बाबा. आजी वाढता वाढता थांबल्या, पंखा कमी कर म्हणाल्या, आणि जरा वेळाने म्हणाल्या, नको, राहू दे.